रॉक गीतांतील अनामिक ओडिसियस : मिथकशोधाची पद्धती आणि तिच्या मर्यादा

सारांश : १९६७ ते १९७७ या दशकातील इंग्रजी रॉक गीतांमध्ये ग्रीक महाकाव्यातील ओडिसियसची कथा कधी नावानिशी, कधी अर्धवट, तर कधी पूर्णपणे झाकलेल्या स्वरूपात आढळते. प्रस्तुत लेखात ‘क्रीम’, टिम बकली आणि ‘स्टीली डॅन’ यांच्या तीन गीतांचा या दृष्टीने विचार केला आहे. गीतात मिथक ‘लपलेले आहे’ असे म्हणण्यास कोणता पुरावा पुरेसा मानावा, आणि असा शोध लागल्यानंतर समीक्षेने पुढे काय करावे, हे लेखातील मुख्य प्रश्न होत.

१. प्रस्तावना

रॉक गीताचे शब्द हा साहित्याच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नाची चर्चा बरीच जुनी आहे. २०१६ मध्ये बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर ती पुन्हा उफाळून आली. २०१७ मध्ये दिलेल्या नोबेल व्याख्यानात डिलन यांनी आपल्यावर खोल परिणाम करणाऱ्या तीन ग्रंथांचा विस्ताराने उल्लेख केला. मेलव्हिलची ‘मोबी डिक’ आणि रेमार्कची युद्धकादंबरी यांच्यासमवेत होमरची ‘ओडिसी’ ही त्यांतील एक कृती होती. गीतकाराच्या मनात महाकाव्य घर करून असू शकते, ही गोष्ट त्यामुळे अधोरेखित झाली. तथापि कवीच्या मनात एखादे मिथक असणे आणि ते त्याच्या शब्दांत उतरणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. समीक्षेला दुसऱ्या बाबीशी कर्तव्य आहे.

मिथकांचा शोध ही मोहात पाडणारी कृती आहे. समुद्र दिसला की ओडिसियस, बासरी ऐकू आली की कृष्ण आणि दोन भाऊ भांडले की कुरुक्षेत्र, अशा सुलभ समीकरणांनी मिथकसमीक्षा बदनाम झाली आहे. आदिबंधाची संकल्पना तर इतकी लवचीक आहे की तिच्या आधाराने कोणत्याही कृतीत कोणतीही कथा सापडू शकते. म्हणून उदाहरणांकडे वळण्यापूर्वी काही निकष निश्चित करणे अगत्याचे ठरते.

२. लपलेल्या कथेचे निकष

भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त वाच्यार्थाच्या पलीकडे जाणाऱ्या व्यंग्यार्थाची मांडणी केली. व्यंग्यार्थ म्हणजे वाचकाला सुचेल तो अर्थ नव्हे. तो विशिष्ट शब्द, प्रकरण, वक्ता आणि श्रोता यांच्या संबंधातून स्फुरतो व सहृदयाला प्रतीत होतो. हा विवेक ध्यानात घेऊन तीन निकष मांडता येतात.

पहिला निकष तपशिलाच्या वैशिष्ट्याचा. समुद्र, नाव, वादळ, परतीची ओढ या गोष्टी सर्व नाविकांच्या आहेत. डोलकाठीला बांधून घेतलेला मनुष्य मात्र प्रामुख्याने ओडिसियसचीच आठवण करून देतो. दुसरा निकष संगतीचा. एकच खूण योगायोगाने येऊ शकते. अनेक खुणा एकमेकींना पूरक ठरल्या तर योगायोगाची शक्यता मावळते. तिसरा निकष फलिताचा. मिथकाचे भान आल्यावर गीतातील एखादी अस्पष्ट जागा उजळली पाहिजे. शोध लागूनही गीत जसेच्या तसे राहत असेल, तर तो शोध केवळ पांडित्यप्रदर्शन ठरतो.

३. मूळ प्रसंग

तिन्ही गीतांच्या मुळाशी ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गातील सायरेनांचा प्रसंग आहे. मराठी भाषकाला ‘सायरन’ हा शब्द भोंगा या अर्थानेच परिचित आहे. १८१९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर याने आपल्या ध्वनियंत्राला हे नाव दिले, कारण ते पाण्याखालीही वाजत असे. जो स्वर जवळ ओढून घेऊन नाश करीत असे, त्याचे नाव पुढे सावध करणाऱ्या आवाजाला मिळाले, ही शब्दाच्या प्रवासातील मोठीच गंमत आहे.

होमरच्या कथेत सायरेना हिरव्या कुरणात बसलेल्या आहेत. त्यांच्याभोवती पुरुषांच्या हाडांचा ढीग आहे. सर्सीच्या सल्ल्याप्रमाणे ओडिसियस आपल्या खलाशांच्या कानांत मेण भरतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. सायरेना त्याला देहसुखाचे नव्हे, तर ज्ञानाचे आमिष दाखवितात. ट्रॉयच्या रणात काय घडले आणि या बहुप्रसवा पृथ्वीवर काय काय घडते, ते सारे आपल्याला ठाऊक असल्याचे त्या सांगतात. तो सोडविण्यासाठी खुणावू लागतो तेव्हा खलाशी दोर अधिकच आवळतात. गाणे ऐकू येईनासे झाल्यावर ते कानांतील मेण काढतात आणि नायकाला मोकळे करतात. हा शेवटचा तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. प्रस्तुत विवेचनात त्याला विशेष महत्त्व आहे.

४. नावानिशी आलेला नायक : ‘क्रीम’

‘टेल्स ऑफ ब्रेव्ह युलिसिस’ हे गीत १९६७ मध्ये ‘क्रीम’ या ब्रिटिश त्रिकुटाने ध्वनिमुद्रित केले व त्याच वर्षी ‘डिझरायली गियर्स’ या तबकडीत समाविष्ट केले. शब्द मार्टिन शार्प या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचे आणि संगीत एरिक क्लॅप्टनचे होते. तबकडीचे वेष्टनही शार्पनेच चितारले होते. गिटारच्या स्वराला मानवी कण्हण्यासारखा आकार देणाऱ्या ‘वा-वा’ पेडलचा क्लॅप्टनने केलेला हा आरंभीचा वापर होय.

येथे नायकाचे नाव शीर्षकातच आहे, तेही ग्रीक नव्हे तर लॅटिन वळणाचे. त्यामुळे लपलेले असे काही उरत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात जे झाकलेले आहे ते नाव नव्हे, तर कथेची दिशा. गीताचा आरंभ शिशासारख्या जड हिवाळ्याने होतो. त्यातून सुटलेला मनुष्य दक्षिणेकडील उन्हात आणि रंगीत पाण्यात येतो. अखेरीस तेथील सौंदर्यमूर्तीला तो त्याच कठोर, थंड भूमीकडे नेऊ पाहतो. होमरच्या नायकाला परत जाण्याची आस आहे. इथाका खडकाळ असली तरी तिच्याहून गोड भूमी त्याला ठाऊक नाही. शार्पच्या गीतात मात्र घर म्हणजेच शिक्षा आणि भटकंती म्हणजेच मुक्ती. युद्धोत्तर उत्तर युरोपातून भूमध्य समुद्राच्या बेटांकडे धाव घेणाऱ्या तरुण पिढीची ही ‘ओडिसी’ असल्याने तिचा होकायंत्राचा काटाच उलटा फिरला आहे.

गीतातील सौंदर्यदेवता अॅफ्रोडाइटी आहे. होमरच्या काव्यात ओडिसियसच्या प्रवासाशी तिचा साक्षात संबंध नाही; आठव्या सर्गात एक चारण तिची प्रणयकथा गातो, एवढेच. ती शिंपल्यावर आरूढ होऊन येते तेव्हा मागे होमर नसून बॉटिचेल्लीचे चित्र उभे असते. गीतकार मुळात चित्रकार असल्याचे हे निदर्शक मानता येईल. परंतु त्याने होमर अगदीच वाऱ्यावर सोडला आहे असेही नाही. नायकाच्या कानांना तो ‘उघडे’ असे विशेषण लावतो. खलाशांचे कान मेणाने बंद होते, फक्त नायकाचे उघडे होते, हे जाणणाऱ्यालाच त्या विशेषणाचे मोल कळते. ज्या वाचकाला मूळ प्रसंग स्मरत नाही त्याला ते भरतीचे वाटेल. पहिल्या आणि तिसऱ्या निकषाचे याहून नेटके उदाहरण क्वचित सापडेल.

५. उलटलेली भूमिका : टिम बकली

‘साँग टू द सायरन’ हे गीत १९६७ मध्ये रचले गेले. शब्द लॅरी बेकेटचे, चाल आणि गायन टिम बकलीचे. १९६८ मध्ये बकलीने ते अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘द मंकीज’ या मालिकेच्या अखेरच्या भागात एकट्याने गिटारवर सादर केले आणि १९७० मधील ‘स्टारसेलर’ या तबकडीत त्याला स्थान दिले. १९८३ मध्ये ‘धिस मॉर्टल कॉइल’ या नावाने निघालेल्या आवृत्तीत एलिझाबेथ फ्रेझर यांनी ते गायिले आणि हे गीत नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

येथे सायरेनेचे नाव आहे, नाविकाचे नाही. हा नाविक ओडिसियसच आहे काय? निकष लावले असता उत्तर नकारार्थी येते. डोलकाठी नाही, मेण नाही, खलाशी नाहीत, घरही नाही. उलट त्याची नाव खडकावर फुटलेली आहे. होमरच्या कुरणातील ज्या अनाम पुरुषांची हाडे साठली आहेत त्यांपैकी हा एक आहे. महाकाव्याने ज्यांना एका ओळीपलीकडे जागा दिली नाही, त्यांतील एकाला गीताने वाचा दिली, असे म्हणावे लागते.

गीताचा खरा धक्का शेवटी आहे. आरंभी सायरेना नाविकाला आपल्याकडे बोलावते. शेवटच्या कडव्यात नाविक स्वतः गाऊ लागतो, आणि त्याचे शब्द तिच्याच आवाहनाच्या साच्यात ओतलेले असतात. ज्याला ओढले गेले तोच ओढणारा झाला. कोणाचे गाणे कोणाला बुडवते, ही सीमारेषा पुसली जाते. पुरुष व्याकूळ आणि स्त्री मायाविनी, अशी या मिथकाची परंपरागत विभागणी गीताने मोडून काढली आहे. ‘हे ओडिसियसचे गीत’ असे लेबल लावून थांबणाऱ्या समीक्षकाच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

६. नाव न घेता सांगितलेली कथा : ‘स्टीली डॅन’

वॉल्टर बेकर आणि डोनाल्ड फेगन या जोडीच्या ‘स्टीली डॅन’ने सप्टेंबर १९७७ मध्ये ‘एजा’ ही तबकडी प्रसिद्ध केली. उत्कृष्ट ध्वनिमुद्रणासाठी तिला १९७८ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तिच्यातील ‘होम अॅट लास्ट’ या गीतात ओडिसियस, होमर, सायरेना, इथाका यांपैकी एकही नाव येत नाही. वाच्यार्थाने पाहता महामार्ग ओळखीचा असलेला, ओळखीच्याच उन्हात वावरणारा आणि स्वतःला नशीबवान समजणारा हा कोणी आधुनिक मनुष्य आहे.

मात्र ध्रुवपदात तो सांगतो की खडकांचा धोका टळला असला तरी आपण अद्याप डोलकाठीला बांधलेलेच आहोत. पुढे एक स्त्री त्याला रेत्सिना पाजते; राळेच्या वासाचे हे मद्य खास ग्रीसचे. समुद्रावरच्या जुन्या, शिळ्या झालेल्या गाण्याचा कर्ता कोण, असे तो विचारतो आणि हे आपण पूर्वी ऐकले आहे असे तुम्हाला वाटत असेल, अशी पुस्तीही जोडतो. डोलकाठी, खडक, ग्रीक मद्य, सागरगीत आणि घरी पोहोचण्याविषयीचा प्रश्न या पाच खुणा एकाच दिशेने बोट दाखवितात. इतकेच नव्हे, तर गीत स्वतःच आपल्या पूर्वकथेकडे डोळा मिचकावते. वैशिष्ट्य आणि संगती हे दोन्ही निकष येथे पूर्ण होतात. खडकांचा उल्लेख होमरच्या कुरणाशी जुळत नाही, हे खरे. सायरेना आणि खडक यांची सांगड नंतरच्या परंपरेने घातली. गीतकारांच्या हाती मूळ पाठ नसून लोकस्मृतीतील कथा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा निकष येथे सर्वाधिक फलदायी ठरतो. होमरच्या तेराव्या सर्गात झोपेत असलेल्या ओडिसियसला इथाकाच्या किनाऱ्यावर उतरविले जाते. तो जागा होतो तेव्हा अथेनेने पसरलेल्या धुक्यामुळे त्याला स्वतःची भूमी ओळखता येत नाही. म्हणजे घर आहे, पण ओळख पटत नाही. ‘स्टीली डॅन’च्या नायकाची स्थिती नेमकी उलट आहे. रस्ता ओळखीचा, सूर्य ओळखीचा, परंतु हे घर आहे काय, याचीच खात्री नाही. बेकर आणि फेगन या दोघांची भेट न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयात झाली. १९७१ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि दशकाच्या अखेरीस पुन्हा न्यूयॉर्कला परतले. यशाच्या शिखरावर असताना परक्या, सुखासीन शहरात लिहिलेल्या गीतातील हा संशय त्यामुळे अधिक अर्थपूर्ण वाटतो. अर्थात चरित्र हा येथे दुय्यम पुरावा आहे. शब्दांनी आधी साक्ष दिल्यावरच तो विचारात घ्यावा.

मद्य पाजणारी स्त्री कोण, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ती पेनेलोपी असेल तर नायक घरी पोहोचला. परंतु होमरच्या काव्यात मादक पेय पाजते ती सर्सी आणि सात वर्षे सुखात ठेवते ती कॅलिप्सो. गीतातील उबदार सुरक्षितता या दोघींच्या अंगणाशी अधिक मिळतीजुळती आहे. तसे असेल तर ज्याला तो घर समजू पाहतो आहे ती गोड कैदच होय. कॅलिप्सोच्या बेटावरील ओडिसियस किनाऱ्यावर बसून रडत असे. विसाव्या शतकातील त्याचा वारस रडत नाही, त्याला बरे वाटते. आणि हेच अधिक चिंताजनक आहे.

शेवटी हा नायक प्रवासाचे आरक्षण करावयास सांगून, निरोप घेऊन पुन्हा नशीब अजमावण्यास निघतो. येथे दान्तेच्या ‘इन्फर्नो’तील सव्विसावा सर्ग आणि टेनिसनची १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘युलिसिस’ ही कविता आठवणे स्वाभाविक आहे. त्या दोन्हींत नायक घरात रमत नाही. परंतु होमरनेही दार पूर्ण बंद केलेले नव्हते. अकराव्या सर्गात टायरेसियस भाकीत करतो की घरी परतल्यावरही ओडिसियसला खांद्यावर वल्हे घेऊन निघावे लागेल, आणि त्या वल्ह्याला धान्य उफणण्याचे अवजार समजणारा मनुष्य भेटेपर्यंत चालावे लागेल. म्हणजे गीताचा शेवट मूळ कथेशी विसंगत नाही. त्याने मूळ कथेतील एका विसरल्या गेलेल्या धाग्याला पीळ दिला आहे.

बर्नार्ड पर्डी या तालवादकाने वाजविलेला ताल या अर्थाला साथ देतो. ‘पर्डी शफल’ या नावाने ओळखला जाणारा हा ठेका पुढे सरकतो आणि त्याच वेळी मागे ओढल्यासारखा वाटतो. बांधलेला मनुष्य आणि चालती नाव यांचे ते श्राव्य रूप मानता येईल.

७. अनुपस्थित खलाशी

तिन्ही गीते एकत्र ठेवली असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. एकाही गीतात खलाशी नाहीत. होमरच्या प्रसंगाचा सारा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. ते वल्हवितात म्हणून नाव पुढे जाते, ते दोर आवळतात म्हणून नायक वाचतो आणि ते दोर सोडतात म्हणून तो मोकळा होतो. होर्कहायमर आणि अडोर्नो यांनी ‘प्रबोधनाचे द्वंद्व’ या १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या लेखनात या प्रसंगाचे सामाजिक वाचन केले. कान बंद करून राबणारे श्रमिक आणि हातपाय बांधून घेऊन सौंदर्य उपभोगणारा मालक अशी विभागणी त्यांना तेथे दिसली. बांधलेल्या नायकात त्यांनी पुढील काळातील संगीतसभेच्या श्रोत्याचे पूर्वरूप पाहिले.

रॉक गीतांनी या विभागणीतील एक बाजूच गाळली. ‘क्रीम’चा युलिसिस प्रवासी आहे, बकलीचा नाविक एकाकी आहे आणि ‘स्टीली डॅन’चा नायक सुखवस्तू आहे. यांपैकी कोणाचीही नाव दुसरे कोणी वल्हवीत नाही. ‘होम अॅट लास्ट’मधील कोडे येथे सुटते. धोका टळूनही नायक बांधलेला का राहिला? कारण त्याला सोडविणारे खलाशीच उरलेले नाहीत. निरोपाच्या वेळी तो एका मित्राचे आभार मानतो. परंतु गाठ सोडणारा हात गीतात कोठेही दिसत नाही. व्यक्तीला केंद्रस्थानी आणणाऱ्या कलाप्रकाराने सामुदायिक महाकाव्यातून फक्त नायक उचलला. त्याची किंमत म्हणून त्या नायकाला दोर वागवीत फिरावे लागले.

८. दोन प्रतिउदाहरणे

शोधाच्या मर्यादा दाखविण्यासाठी दोन गीतांचा निर्देश पुरेसा आहे. ‘लेड झेपेलिन’चे ‘अकिलीज लास्ट स्टँड’ मार्च १९७६ मध्ये ‘प्रेझेन्स’ या तबकडीत आले. ऑगस्ट १९७५ मध्ये ऱ्होड्स बेटावर झालेल्या मोटार अपघातात गायक रॉबर्ट प्लांट जबर जखमी झाला आणि त्याच्या घोट्याला इजा झाली. शीर्षकातील अकिलीज आणि त्याची प्रसिद्ध टाच यांचा संबंध श्रोते या घटनेशी जोडतात. परंतु गीताच्या संहितेत अकिलीज कोठेही नाही; तेथे प्रवासाची ओढ आणि अॅटलास यांचे उल्लेख आहेत. हा शीर्षकापुरता संकेत आहे. त्यावरून संपूर्ण ‘इलियड’ गीतात शोधणे उचित नव्हे.

दुसरे उदाहरण ‘फ्लीटवुड मॅक’च्या ‘रिआनन’चे. हे १९७५ मधील गीत लिहिताना स्टीव्ही निक्स यांना हे नाव मेरी लीडर यांच्या ‘ट्रायड’ या कादंबरीत मिळाले होते. मध्ययुगीन वेल्श ‘मॅबिनोगी’तील रिआननची ओळख त्यांना नंतर झाली. वेल्श परंपरेत रिआननचे पक्षी प्रसिद्ध आहेत, आणि गीतातही पक्ष्याची प्रतिमा आहे. कर्त्रीला ठाऊक नसलेली कथा गीतात लपलेली होती, असे म्हणणे कसोटीस उतरत नाही. कथा नावाबरोबर आली, आणि श्रोत्यांनी, पुढे खुद्द कर्त्रीनेही, ती गीतात रुजविली. हे अर्थाचे पश्चात् रोपण होय. ते त्याज्य नाही, पण त्याला ‘शोध’ म्हणू नये.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. नाव असले म्हणजे मिथक असतेच असे नाही आणि नाव नसले म्हणजे ते नसतेच असेही नाही. ‘अकिलीज’मध्ये पहिली स्थिती आढळते, तर ‘होम अॅट लास्ट’मध्ये दुसरी. लपलेल्या कथेचा पुरावा सर्वसाधारण प्रतिमांतून नव्हे, तर विशिष्ट आणि परस्परसंगत तपशिलांतून मिळतो. कथेचा मागोवा लागला की समीक्षेचे कार्य संपत नाही, तर सुरू होते. मूळ कथेतील काय राहिले यापेक्षा काय गळले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

लोकप्रिय गीत वर्गात आणताना दोन टोके टाळावी लागतील. एका टोकाला ‘हे केवळ करमणुकीचे शब्द’ अशी उपेक्षा आहे. दुसऱ्या टोकाला ‘यातही होमर आहे’ असे सांगून गीताला प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र देण्याची घाई आहे. होमरचे नाव लागले म्हणून कोणतेही गीत मोठे होत नाही. डोलकाठी मागे राहिली, समुद्र मागे राहिला, तरी हातांवरचा दोर तसाच का, हा प्रश्न ‘होम अॅट लास्ट’ने विचारला. तो प्रश्न होमरच्या नायकाला पडला नव्हता, आणि गीताचे स्वतःचे मोल तेथेच आहे.